धरमपुरीच्या नर्मदाबाई

मानाजीकाका धायबर नोकरीत असताना जे छापत होते ते आजवर कोणी रस्त्यात टाकून दिलेलं ऐकिवात नाही. देवासच्या नोटांच्या छापखान्यात होते ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हौसेनं जे छापायला घेतलं, ते मात्र फुकट दिलं तरी लोक हात मागे घेतात.

हौस म्हणजे अनियतकालिक. ज्याचा पुढचा अंक कधी निघेल हे संपादकालाही ठाऊक नसतं, त्याला मराठीत असं भारदस्त नाव आहे. काकांच्या अनियतकालिकाचं नाव 'टेकडीखाली'. दोन कागद मधोमध दुमडायचे, पाठीत दोन पिना मारायच्या, झाली आठ पानं. मजकूर सगळा हातानं लिहिलेला, वळणदार, एकही खाडाखोड नाही. छापखान्यात काकांचं काम छपाईतला दोष शोधण्याचं होतं, त्यामुळे तिरकी मात्रा दिसली तरी ते पूर्ण पान परत लिहीत. मग चिरागच्या दुकानात झेरॉक्स.

नावात भूगोलाची चूक काही नव्हती. आमचं सगळं देवास टेकडीखालीच आहे, वर दोन देव्या आणि खाली आपण. पण आम्ही पोरं हिंदी शाळेतली. आमच्या कानाला 'खाली' म्हणजे रिकामं. चिराग दर वेळी मशीनचं झाकण उघडता उघडता विचारायचा, "क्यों काका, टेकरी खाली करा दी? माताजी किधर गईं?"

"खाली म्हणजे नीचे रे!"

"तो नीचे लिखो ना भिया. पब्लिक घबरा जाएगी."

काका घाबरायचे नाहीत. गणपतीत, हळदीकुंकवात, कुणाच्या तेराव्याला, जिथे चार मराठी माणसं दिसतील तिथे ते पिशवीतून अंक काढायचे. लोक "वा वा" म्हणून घ्यायचे आणि घडी घालून वारा घ्यायचे. मी एकदा सुचवलं, व्हॉट्सॲपवर टाका. काका म्हणाले, "तिथे उघडलं की नाही ते कळतं. नको."

देवासला एके काळी एकाच गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. काकांना दोन वाचक जमेनात.

अंकात लिहिणारे मात्र भरपूर. इतिहास 'जुना देवासकर' लिहायचे, पाककृती 'अन्नपूर्णा', कविता 'निर्झर'. जुन्या देवासकरांना निर्झर यांची कविता पसंत नसे आणि पुढच्या अंकात ते तसं स्पष्ट लिहीत. हे सगळे एकाच खोलीत, एकाच पलंगावर, एकाच चष्म्यातून लिहीत हे सांगायला नको. काकांनी लग्न केलं नाही. आई गेल्यावर त्या घरात मराठी मोठ्यानं बोललं जात नव्हतं. भाजीवाला हिंदी, टीव्ही हिंदी, शेजारी मालवी. मी शेजारच्याच गल्लीतला, घरी मराठी बोलतो, पण वाचताना बोट ठेवून वाचतो. तरी त्यांना तेवढंही चालायचं.

आठव्या पानावर 'पत्रव्यवहार' होता. तिथे एकच बाई लिहायच्या: सौ. नर्मदाबाई भोईटे, धरमपुरी. धरमपुरी नर्मदेच्या काठी आहे, तेव्हा नाव शोधायला फार वेळ गेला असेल असं वाटत नाही. पण बाई मोठ्या तिखट. "संपादकमहाशय, मागील अंकी पुरणात जायफळ घालावयाचे विसरलात. अविवाहित माणसाने पुरणावर लिहू नये." पुढे कधीतरी, "जुना देवासकर ह्यांचा लेख दुपारी वाचावयास घेतला. झोप उत्तम लागली. लेखमाला बंद करू नये ही विनंती."

मी एकदा विचारलं, "काका, ह्या बाईंची पाकिटं दाखवा ना. पोस्टाचा शिक्का बघायचाय."

काका अंक दुमडत होते. दुमडतच राहिले. मग म्हणाले, "रागावतं कोणीतरी. बरं वाटतं."

मी पिनांची डबी त्यांच्याकडे सरकवली.

मग ईशानी आली. इंदूरला डिझाइन शिकणारी मुलगी, टेकडीच्या दर्शनाला आली होती आणि चिरागकडे कसले तरी कागद काढायला थांबली. तिथे काउंटरवर पडलेला 'टेकडीखाली' तिनं उचलला आणि ओरडली, "अंकल, ये तो ज़ीन है! आप ज़ीन बनाते हो?"

काकांनी चष्मा सारखा केला. "जीन? ती घोड्यावर असते बाळ. आमच्या पणजोबांकडे होती, पागेत. आता नाही."

मुलगी हसून हसून बसली. मग तिनं सांगितलं की असं घरच्या घरी काढलेलं छोटं मासिक असतं ना, त्याला मोठ्या शहरांत झीन म्हणतात, आणि तिच्या कॉलेजात त्याचा मेळा भरणार आहे, आपण याच. पणजोबांनंतर धायबरांच्या घरात पहिल्यांदाच जीन निघाली होती. काका इस्त्रीचा सदरा घालून गेले. मी सोबत.

मेळ्यात काकांचं टेबल सगळ्यांत जास्त चाललं. मुलं-मुली रांगेनं येत आणि अंकाचे फोटो काढत. "सो रॉ," एक म्हणाली, म्हणजे कच्चं, आणि ते कौतुक होतं. दुसऱ्यानं विचारलं, "सर, ये फॉन्ट कौन सा है?"

"हा माझा हात आहे," काका म्हणाले.

"डाउनलोड कहाँ से होगा?"

सगळ्यांना पिना आवडल्या, कागदाचा पिवळेपणा आवडला, झेरॉक्सच्या काळ्या कडा तर फारच आवडल्या. वाचलं कोणीच नाही. काका प्रत्येकाकडे बघत होते, ह्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतायत का. सरकत नव्हते. संध्याकाळी गठ्ठा जवळपास तसाच पिशवीत परत गेला. बसस्टँडकडे निघताना ईशानी धावत आली. "सब अंक एक-एक दे दो ना. मेरी आजी धार में है. अक्षर तो मुझे भी आते हैं, पर मराठी अटक-अटक के चलती है. आजी पढ़ लेगी."

काकांनी संच काढून दिला, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. कप्प्यात अंथरायला आणखी एक घर, एवढंच त्यांनी मनात धरलं असावं.

फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काकांना फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे सगळं ऐकलं.

"संपादक आहेत का? मी धारहून यमुनाबाई फडतरे. ईशानीची आजी."

काका पलंगावरून उठून उभे राहिले.

"अंक वाचले आपले. सगळे. डब्यांखाली अंथरायला घेतले होते, डबे तसेच राहिले खाली."

"कसे..." काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. "कसे वाटले?"

"ठीक आहेत. इतिहास फार लांबवतात ते गृहस्थ. आणि कविता करतात त्यांना जरा आवरा." काकांच्या चेहऱ्यावर जुना देवासकर आणि निर्झर एकदमच पडले. "पण त्या धरमपुरीच्या बाई! प्रत्येक अंक मी उलट्या बाजूनं उघडला, त्यांच्यासाठी. मला त्यांचा नंबर द्या."

"त्यांच्याकडे... त्या फोन वापरत नाहीत."

"शहाण्या आहेत. मग पत्ता द्या."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"त्यांचं पत्र माझ्याकडेच येतं," काका म्हणाले. आयुष्यात त्यांनी बोललेलं हे बहुधा सर्वांत खरं खोटं. "तुम्ही मला लिहा, मी पोचवतो."

"बरं. असं बघा मानाजीराव, आमच्या घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात, तेही हिंदीत. मराठीत टोचून बोलणाऱ्या आमच्या थोरल्या जाऊबाई होत्या, त्या गेल्या. ह्या बाईंचं वाचलं आणि वाटलं, अजून आहे म्हणायचं कोणीतरी."

त्यानंतर 'टेकडीखाली'चा जो काही अनियतपणा होता तो संपला. अंक महिन्याच्या महिन्याला निघू लागला. यमुनाबाईंचं पत्र यायचं, निळ्या शाईतलं, 'स. न. वि. वि.'सकट, आणि ते आठव्या पानावर छापून त्याखाली नर्मदाबाईंचं उत्तर. अंकाला पहिल्यांदाच दुसरा हात लागला होता. बायका गुडघ्यांवर बोलायच्या, सुनांवर बोलायच्या. वन्सं म्हणावं की नाव घ्यावं ह्यावर तर दोन अंक गेले. संपादकावर दोघींचं एकमत होतं, की माणूस बरा आहे पण लांबण लावतो.

मी औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी, धार माझ्याच वाट्याला. त्यामुळे अंक द्यायला काका माझ्याबरोबर निघायचे, इंदूरला बस बदलून. यमुनाबाईंचं घर नव्या कॉलनीत, बाहेर नातवाची गाडी, आत कपाटात सासऱ्यांची पगडी. ठेंगण्या, ताठ, बोलताना पदर खांद्यावर सारखा करणाऱ्या. नातसून रुची चहा आणून ठेवायची, "नमस्ते काकाजी" म्हणायची आणि मोबाइलकडे परतायची. फार चांगली मुलगी, पण मराठीत तिचं 'हो' आणि 'नको' एवढंच. यमुनाबाई काकांना बसवायच्या आणि नर्मदाबाईंची चौकशी करायच्या. दिसतात कशा? तब्येत कशी? काका उत्तरं द्यायचे, आणि मी चहाच्या कपात तोंड घालून बसायचो. येताना बसमध्ये ते घोकायचे, "उजव्या गुडघ्याचं सांगितलं मी. लक्षात ठेव. डावा नाही."

पण खोटं लिहिणं काकांना जमेना. खोटी बाई जमली, खोटी माहिती नाही. यमुनाबाईंनी विचारलं, तुमच्याकडे पलीकडे जायला नावच लागते का हो? तर हा माणूस एक दिवस एकटाच धरमपुरीला गेला. नावेत बसला, पलीकडे उतरला, तिथे कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात उभा राहून मठ्ठा प्यायला आणि परत आला. मला सांगताना त्यांचे हात हलत होते. "नाव मधोमध आली ना, की काठावरचं काहीच ऐकू येत नाही. घंटासुद्धा नाही. फक्त पाणी." इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आणि त्याच आनंदात त्यांनी नर्मदाबाईंचं पत्र लिहिलं: "परवा नावेतून पैलतीरी लग्नास जाणे झाले. नाव डुलू लागली तशा विहीणबाई किंचाळल्या. मी मात्र घाबरलो नाही."

घाबरलो. ज्या नजरेतून नोटेवरची रेघ सुटत नव्हती, तिच्यातून हा 'लो' सुटला. चिरागनं छापलं, मी पिना मारल्या, अंक धारला पोचलासुद्धा.

पुढच्या भेटीत यमुनाबाईंनी अंक पुढ्यात घेतला. चष्मा चढवला. बोट बरोबर त्या ओळीवर.

"मानाजीराव, नर्मदाबाईंचं माहेर कोल्हापूरकडचं का हो?"

काकांना कळेना. "का?"

"नाही, तिकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. आमच्या एक मामी होत्या तिकडच्या. आम्ही हसायचो लहानपणी. इथे 'घाबरलो' आहे, म्हणून विचारलं."

आत रुचीच्या मोबाइलवर काहीतरी वाजत होतं. मला स्पष्ट दिसत होतं की बाईंनी दार उघडून धरलंय. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कोल्हापूर. चार अक्षरं. मी काकांच्या पायावर पाय ठेवला.

काकांनी अंक हातात घेतला, ओळ वाचली, आणि त्यांचा चेहरा छापखान्यातला झाला.

"नाही," ते म्हणाले. "ती चूक आहे. चूक माझी. नर्मदाबाई नाहीत. ती पत्रं मी लिहितो."

यमुनाबाईंनी चष्मा काढला. पदर खांद्यावर सारखा केला.

"ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "धरमपुरीत आमचे कुळवाडी आहेत. भोईटे तिथे कोणी नाहीत."

"मग..."

"मग काय मग? मला कळलं होतं. तुम्हाला सांगायला कुणी सांगितलं होतं?" आवाज चढला नव्हता. "मी विचारलं होतं का? मी माहेर विचारलं. आता मी लिहू कुणाला?"

"मला लिहा," काका म्हणाले. फार हळू.

"तुम्हाला काय लिहायचं? सुनांचं? गुडघ्यांचं? परक्या पुरुषाला?" त्या उठल्या. "रुची, इनको चाय दे दे." आणि आत गेल्या. देवघराचं दार लागलं.

चहा आला, गार झाला. रुची म्हणाली, "आजी आराम कर रही हैं शायद." आम्ही उठलो.

येताना घाटाबिल्लोदला बस थांबली. मी दोन पोहे आणले. काकांनी शेव बाजूला सारत सारत विचारलं, "चूक होती ना पण? चूक दिसल्यावर सोडायची कशी?"

"काका, ती चूक नव्हती. ते आमंत्रण होतं."

त्यांनी पोह्यांकडे बघितलं. मग ती बशी तशीच माझ्याकडे सरकवली.

दिवाळी गेली, अंक निघाला नाही. निळ्या शाईचं पत्र आलं नाही. चिराग मला विचारायचा, "काका की टेकरी का क्या हुआ? सच में खाली हो गई क्या?" आणि मग मशीनचं झाकण उगीच पुसत राहायचा. त्यालाही ते बोललेलं आवडलं नसावं. मी संध्याकाळी काकांकडे जाऊन बसायचो. पलंगावर कोरे कागद, पेन टोपण लावलेलं. टीव्ही मात्र चालू. आधी ते टीव्ही बघायचे नाहीत. आता बघायचे, आवाज बंद करून. मी काही बोललो की "हां" म्हणायचे. "हो" नाही, "हां". ते 'हां' मला अजिबात आवडलं नाही.

शेवटी संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी अंक लिहिला. मी विचारलं, "नर्मदाबाई?"

"त्या कशा लिहितील? नाहीत म्हणून सांगून आलोय मी."

"नाहीत असं आधीपासूनच होतं की. फरक काय?"

"फरक आहे," काका म्हणाले. रात्र रात्र बसले असतील, कारण पलंगाखाली फाडलेले कागद होते आणि त्यांवर "संपादकमहाशय" एवढंच होतं, पुन्हा पुन्हा. पण छापायला दिलेल्या अंकात आठवं पान जुन्या देवासकरांनी भरलं होतं. संस्थानिक पवारांच्या तोफांवर. लेख लांब होता.

धारला जायचं की नाही ह्यावर आमचं बोलणंच झालं नाही. मी निघालो, ते पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभे होते.

दार यमुनाबाईंनीच उघडलं. थोड्या वाळल्या होत्या. "या," म्हणाल्या, आणि तिळगुळाची वाटी पुढे ठेवली. कुणी कुणाला गोड बोला म्हटलं नाही. काकांनी अंक दिला. त्यांनी तो घेतला, नेहमीसारखा उलट्या बाजूनं उघडला, आणि आठव्या पानावर बघत राहिल्या. डोळे डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून उजवीकडे. तोफांमध्ये त्या काहीतरी शोधत होत्या. शोधून झाल्यावर अंक मिटून मांडीवर ठेवला.

"नर्मदाबाईंचं पत्र आलं नाही ह्या वेळी?"

मी काकांकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती.

"नाही," काका म्हणाले.

यमुनाबाईंनी तिळगुळाचा खडा उचलून परत वाटीत ठेवला. "नदीला पाणी चढलं असेल तिकडे," त्या म्हणाल्या. "नाव बंद असली की टपाल अडतं. उतरलं की येईल."

पौष महिना. खिडकीबाहेर कोरडं ठाक ऊन होतं, अंगणातल्या तुळशीची माती भेगाळलेली. काका त्या उन्हाकडे बघत बसले. इतका वेळ, की मला वाटलं आता हे हवामानातली चूक काढणार.

"हो," ते म्हणाले. "फार चढलंय."